पुरवठादाराची परीक्षा: टोयोटाच्या १९३९च्या एका नियमाची गोष्ट

आजच्या थ्रेडमध्ये लढाई नाही, तहनामा नाही, किल्लाही नाही. आहे तो एका मोटार कारखान्याच्या खरेदी विभागासाठी १९३९ साली लिहिला गेलेला एक नियम. इतिहासाच्या विद्यार्थ्याने खरेदीखात्याच्या कागदांत काय शोधायचे, असे कुणी विचारील. पण विसाव्या शतकातील औद्योगिक जपान समजून घ्यायचा असेल, तर मला हा एक कागद त्या काळच्या कित्येक राजकीय भाषणांपेक्षा अधिक बोलका वाटतो.

नियमाचा आशय असा: ज्या कारखान्याला आपण एकदा पुरवठादार म्हणून निवडले, त्याला आपल्याच कारखान्याची शाखा मानावे, त्याला सोडून सहसा दुसऱ्याकडे जाऊ नये, आणि त्याची कामगिरी उंचावण्यासाठी शक्य ते सर्व प्रयत्न करावेत. कंपनीचे नाव टोयोटा. स्थापना १९३७ची, म्हणजे नियम लिहिला गेला तेव्हा कंपनीचे वय जेमतेम दोन वर्षे.

वरवर पाहता हे सद्भावनेचे वाक्य आहे. पुन्हा वाचले की त्यातला सौदा दिसू लागतो. ‘सोडणार नाही’ ही हमी झाली. ‘कामगिरी उंचावू’ हा मात्र हस्तक्षेपाचा परवाना आहे. दुसऱ्याच्या कारखान्यात शिरायचे, त्याचे यंत्र कसे चालते ते पाहायचे, त्याच्या कामातले दोष त्याच्याच तोंडावर दाखवायचे आणि बदल करायला लावायचे. हमीच्या मोबदल्यात हस्तक्षेप. पुढील ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत या सौद्याची कोणती बाजू केव्हा पाळली गेली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा आजचा विषय.

आधी पार्श्वभूमी. १९२५ साली फोर्डने योकोहामात आणि १९२७ साली जनरल मोटर्सने ओसाकात जोडणीचे कारखाने उघडले. अमेरिकेहून पेट्यांतून सुटे भाग येत आणि जपानी कामगार ते जोडून गाडी उभी करत. परिणाम असा की रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या, पण मोटारीचे भाग बनवणारे कारागीर आणि कारखाने देशात पुरेसे तयारच झाले नाहीत. १९३६ साली जपान सरकारने कायदा करून देशी उत्पादकांना संरक्षण दिले आणि परदेशी कंपन्यांचा रस्ता अरुंद केला. संरक्षण मिळाले, तरी भाग आणायचे कुठून?

टोयोटाचे मूळ घराणे मागांचे. साकिची तोयोदा यांनी स्वयंचलित माग विकसित केला आणि १९२९ साली त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीला विकण्याचा १ लाख पौंडांचा करार झाला. (ही सगळी रक्कम मुलाच्या मोटारीच्या प्रयोगांत गेली, अशी लोकप्रिय कथा आहे. संशोधकांनी तिच्यावर शंका घेतली आहे, तेव्हा ती जपूनच सांगावी.) मुलगा कीइचिरो याने १९३३ मध्ये मागांच्या कारखान्यातच मोटार विभाग सुरू केला आणि १९३५ मध्ये पहिला ट्रक बाजारात आणला. तो ट्रक वारंवार बंद पडे. दुरुस्तीसाठी माणसे पाठवावी लागत आणि गिऱ्हाइकांची समजूत काढण्यात विक्री विभागाचा जीव मेटाकुटीला येई.

ट्रक बंद पडण्याचे कारण अनेकदा एखाद्या सुट्या भागात असे. आयची प्रांतात मागांचे, सायकलींचे, घड्याळांचे भाग करणारे लहान कारखाने होते. हात कुशल होते. पण हजारावा नग पहिल्या नगासारखाच असला पाहिजे, ही मोटारीची मागणी त्यांना नवी होती. चांगला पुरवठादार बाजारात तयार मिळत नव्हता. तो निवडून घडवावा लागणार होता. १९३९च्या नियमाचा जन्म या अडचणीत आहे, औदार्यात नाही. त्याच वर्षी पुरवठादारांची पहिली बैठक झाली आणि १९४३ साली त्या मंडळाला ‘क्योहोकाई’ हे नाव मिळाले. ते आजही चालू आहे.

नियम लिहिणे सोपे असते. त्याची कसोटी लागली ती युद्धानंतर.

१९४९ साली अमेरिकन प्रशासनाने डेट्रॉइटचे बँकर जोसेफ डॉज यांच्या सल्ल्याने जपानची महागाई रोखण्यासाठी कठोर आर्थिक धोरण लादले. पैसा आटला. ट्रक विकले जाईनात, विकले तर वसुली होईना. टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर आली. बँकांच्या गटाने मदत केली, पण सुमारे २,००० माणसे कमी झाली, मोठा संप झाला आणि जून १९५० मध्ये कीइचिरो तोयोदा यांनी अध्यक्षपद सोडले.

याच काळातली एक घटना मला विशेष लक्षणीय वाटते. डिसेंबर १९४९ मध्ये टोयोटाने आपला विद्युत उपकरणांचा विभाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी केली: निप्पोनडेन्सो, आजची डेन्सो. नियम सांगत होता की पुरवठादाराला शाखा माना. संकट आले तेव्हा टोयोटाने शाखेलाच पुरवठादार करून टाकले. आज डेन्सो जगातील सर्वांत मोठ्या सुटे-भाग उत्पादकांपैकी एक आहे, त्यामुळे ही कथा सुखान्त म्हणून सांगितली जाते. १९४९ साली त्या विभागातल्या कामगाराला ती तशी वाटली असण्याचा संभव कमी.

महिन्याभरातच कोरियाचे युद्ध पेटले आणि अमेरिकन सैन्याने टोयोटाकडून साडेचार हजारांहून अधिक ट्रक घेतले. कंपनी वाचली. आता उत्पादन वाढवायचे होते, आणि ज्यांच्यावर ते अवलंबून होते ते पुरवठादार वर्षभराच्या ओढाताणीने खिळखिळे झाले होते.

इथे या इतिहासातले सर्वांत कमी चर्चिले जाणारे आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक पान येते. १९५२-५३ मध्ये लघुउद्योगांसंबंधीच्या सरकारी कार्यक्रमाखाली टोयोटा आणि तिचे पुरवठादार यांची एकत्र तपासणी झाली. जपानीतला शब्द ‘शिंदान’, म्हणजे वैद्याने करावे तसे निदान. तज्ज्ञ पुरवठादारांच्या कारखान्यांत गेले. यंत्रांची मांडणी, हिशेबाची पद्धत, वाया जाणारा माल, कामाचे तास, सगळे तपासले. हे अपेक्षितच होते. पण निदान एकट्या पुरवठादाराचे नव्हते, गिऱ्हाइकाचेही होते. आणि टोयोटाच्या स्वतःच्या खरेदी-व्यवस्थेतही दोष निघाले.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. पुरवठादाराकडे माल पडून राहतो, तो आळशी म्हणून? की मोठ्या कारखान्याची मागणी आज दुप्पट आणि उद्या निम्मी होते म्हणून? नग नाकारले जातात, ते हात वाईट म्हणून? की आराखडा उशिरा आणि अर्धवट मिळाला म्हणून? परीक्षकाच्या प्रश्नपत्रिकेतच चूक असेल, तर उत्तरपत्रिका तपासून काय होणार? या निदानानंतर टोयोटाने खरेदी विभाग सुधारायला घेतला आणि पुरवठादारांना शिकवण्याचे काम पद्धतशीर केले. परीक्षा घेणारा स्वतः परीक्षेला बसला, तेव्हा कुठे १९३९च्या वाक्यातला ‘प्रयत्न’ हा शब्द कागदावरून खाली उतरला, असे माझे मत आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र सद्बुद्धीवर विसंबणे सरकारला परवडले नाही. मोठे कारखाने लहानांची बिले महिनोन्‌महिने अडकवून ठेवत. म्हणून १९५६ साली जपानने उपकंत्राटदारांचे पैसे वेळेवर देण्यासंबंधी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने लहान पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असे बंधन घातले. भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूरला ज्यांच्या घरचे कुणी वर्कशॉप चालवते, त्यांना त्या ४५ दिवसांविषयी मी काही सांगण्याची गरज नाही.

आता पद्धतीकडे येऊ.

युद्धोत्तर टोयोटात ताइइची ओनो नावाच्या अभियंत्याने यंत्रशाळेत एक उलटा विचार सुरू केला. मागच्या टप्प्याने माल पुढे ढकलायचा नाही; पुढच्या टप्प्याने हवा तेव्हा, हवा तेवढा मागून घ्यायचा. मागणीची चिठ्ठी म्हणजे ‘कानबान’, शब्दशः पाटी. १९६०च्या दशकात ही पाटी कारखान्याचे फाटक ओलांडून पुरवठादारांपर्यंत गेली.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण कानबानची नक्कल जगभर झाली आणि ती फसण्याचे कारण बहुतेक वेळा एकच होते. समजा, तुम्ही पत्र्याचे भाग ठोकणारे पुरवठादार आहात. तुमच्या प्रेसवर एक साचा काढून दुसरा बसवायला चार तास लागतात. साहजिकच तुम्ही एकदा साचा बसवला की आठवड्याचा माल काढून ठेवता. आता गिऱ्हाईक म्हणते, मला दिवसातून चार वेळा, थोडे थोडे पाठवा. तुम्ही काय कराल? आठवड्याचाच माल काढाल, आपल्या गोदामात ठेवाल आणि त्यातून दिवसातून चार वेळा टेम्पो पाठवाल. साठा नाहीसा झाला नाही. तो फाटकाबाहेर तुमच्या अंगणात आला आणि त्यात अडकलेला पैसाही तुमचाच.

यावर उपाय एकच: साचा बदलण्याचा वेळ कमी करणे. शिगेओ शिंगो या अभियंत्याने सांगितलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. टोयोटातील १,००० टनी प्रेसचा साचा बदलण्याचा वेळ चार तासांवरून दीड तासावर आणि नंतर ३ मिनिटांवर आला. यंत्र थांबण्याआधी करता येण्याजोगे काम आधीच उरकायचे, पेचांची संख्या कमी करायची, उंची जुळवण्याची खटपट संपवायची. साऱ्या साध्या गोष्टी, पण कुणीतरी उभे राहून तासन्‌तास पाहिल्याशिवाय त्या सुचत नाहीत. हे ज्ञान टोयोटाने स्वतःपुरते ठेवले असते, तर कानबान ही निव्वळ लहानांच्या माथी साठा मारण्याची युक्ती ठरली असती. ते शिकवणे हा धर्मादाय नव्हता. पद्धतीची ती पूर्वअटच होती.

म्हणून १९७०च्या सुमारास ओनो यांच्या पुढाकाराने एक खास कक्ष उभा राहिला. त्यातले लोक पुरवठादारांकडे जात, कामाच्या जागी उभे राहत, आणि या सल्ल्याचे पैसे घेत नसत. पुढे याच दशकाच्या उत्तरार्धात मुख्य पुरवठादारांचे अभ्यासगट तयार झाले, त्यांना ‘जिशुकेन’ म्हणत. थेट स्पर्धक एका गटात येणार नाहीत अशी काळजी घेऊन काही कंपन्या एकत्र आणल्या जात. त्यांची माणसे आळीपाळीने एकमेकांच्या कारखान्यात जात, एक प्रश्न हाती घेत आणि तो सोडवूनच उठत. अट अशी की फुकट शिकायचे, तर आपले दारही इतरांसाठी उघडे ठेवायचे.

ओनो गोड स्वभावाचे शिक्षक होते, असे कुणी लिहिलेले नाही. खडूने जमिनीवर वर्तुळ काढून त्यात माणसाला उभे करायचे आणि ‘पाहत राहा’ म्हणून निघून जायचे, ही त्यांची आख्यायिका बनलेली रीत. टोयोटाच्या माणसांच्या भेटीची पुरवठादारांना धास्ती असे.

मग मूल्यमापन कशाचे होई? भाव, दर्जा आणि वेळ हे तर सगळेच पाहतात. टोयोटाच्या खरेदीदाराला केवळ भाव नको असे. तो भाव कसा बनला ते हवे असे. कच्चा माल किती, यंत्राचा वेळ किती, साचा बदलण्यात किती गेला, किती नग फुकट गेले. दर्जाची शिस्त वरून खाली आली: टोयोटाला १९६५ साली डेमिंग पारितोषिक मिळाले आणि १९६९ पासून कंपनीने पुरवठादारांसाठी स्वतःचे दर्जा-पारितोषिक सुरू केले. डेन्सोने तर डेमिंग पारितोषिक टोयोटाच्या आधी, १९६१ सालीच पटकावले होते. शिष्य गुरूच्या चार वर्षे पुढे!

पण खरी श्रेणी आणखी एका गोष्टीवर ठरे, आणि ती उकलून दाखवण्याचे श्रेय क्योतो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ बान्री आसानुमा यांना जाते. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: भागाचा आराखडा कोण काढतो? काही पुरवठादार टोयोटाने दिलेल्या आराखड्यावर काम करतात. काही पुरवठादार स्वतः आराखडा काढतात आणि टोयोटा तो मंजूर करते. पहिला हात विकतो, दुसरा डोके विकतो. पहिल्याच्या जागी उद्या दुसरा आणता येतो. दुसऱ्याच्या बाबतीत ते अवघड, म्हणून त्याची सौदाशक्ती अधिक आणि नफ्यातला वाटाही अधिक. पुरवठादाराचा विकास म्हणजे त्याला पहिल्या वर्गातून दुसऱ्याकडे सरकू देणे. आपल्या औद्योगिक पट्ट्यांतले कित्येक कुशल कारखानदार तीन-तीन दशके ‘जॉबवर्क’च का करत राहतात, याचे निम्मे उत्तर मला आसानुमांच्या या प्रश्नात दिसते.

‘सोडणार नाही’ या हमीलाही एक चतुर कड होती. एकाच प्रकारच्या भागासाठी शक्यतो दोन पुरवठादार ठेवायचे. एखाद्याचे काम घसरले तर त्याला हाकलायचे नाही, पण पुढच्या मॉडेलमध्ये त्याच्या वाट्याची काही मागणी दुसऱ्याकडे वळवायची. काम सुधारले की वाटा परत. पुरवठादार घरातच राही, पण ताटातली भाकरी कमी-जास्त होई. भावाची फेरतपासणीही वेळोवेळी होई आणि ती बहुधा खालच्या दिशेनेच असे. मात्र पुरवठादाराने स्वतःच्या युक्तीने खर्च वाचवला, तर त्या बचतीचा लाभ काही काळ त्याच्याकडे राहू द्यावा, असा संकेत होता. या संकेताकडे लक्ष असू द्या. थोड्याच वेळात त्याचे काम पडणार आहे.

आता दुसरी बाजू, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रकासारखी होईल. जपानच्या लघुउद्योग खात्याच्या १९७७च्या पाहणीतले मोटार उद्योगाचे चित्र असे: एका मोठ्या उत्पादकाखाली पहिल्या थरात १६८ पुरवठादार, दुसऱ्यात सुमारे ४,७००, तिसऱ्यात ३१,०००हून अधिक. जिशुकेन, पारितोषिके, क्योहोकाईच्या सभा, हे सगळे मुख्यतः पहिल्या थरासाठी. तिसऱ्या थरात नवरा-बायको आणि एखादा मदतनीस मिळून चालवलेले कारखाने होते. वरच्याने भाव कापला की तो थरामागून थर खाली झिरपत तिथे पोहोचे, शिकवणूक मात्र वाटेतच विरून जाई. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कानबानमुळे लहान उपकंत्राटदारांची पिळवणूक होते, हा आरोप जपानी संसदेतही गाजला. त्याआधी सातोशी कामाता या पत्रकाराने टोयोटात हंगामी कामगार म्हणून राहून जुळणीच्या पट्ट्यावरील जिणे पुस्तकरूपाने मांडले होते, १९७३ साली. पहिल्या थराच्या सभांची इतिवृत्ते अभ्यासकांना सापडतात. तिसऱ्या थराने इतिवृत्ते लिहिली नाहीत, आणि इतिहासलेखनात त्याची शिक्षा त्यालाच मिळते.

आता दृश्य अमेरिकेत. १९८०च्या दशकात जपानी गाड्यांनी तिथली बाजारपेठ काबीज केली आणि अमेरिकन कंपन्या या पद्धतीचा अभ्यास करू लागल्या. जनरल मोटर्सने टोयोटाबरोबर कॅलिफोर्नियात भागीदारीचा कारखाना काढला. तिथे डिसेंबर १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले. शिकण्याची संधी घरात चालून आली होती.

१९९२ साली जनरल मोटर्सच्या जागतिक खरेदीची सूत्रे होसे इग्नासिओ लोपेझ या स्पॅनिश अधिकाऱ्याकडे आली. माणूस वल्ली. घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचे, सहकाऱ्यांनाही तसे करायला लावायचे आणि त्यांना ‘योद्ध्यांचा आहार’ नेमून द्यायचा! त्याने चालू करार फाडून पुन्हा भाव मागवले, पुन्हा पुन्हा मागवले. एका पुरवठादाराचे खास आराखडे त्याच्या स्पर्धकाला दाखवून कमी भाव मिळवला जातो, अशी तक्रार पुरवठादार उघडपणे करू लागले.

लोपेझची माणसे पुरवठादारांच्या कारखान्यातही जात, हा तपशील पुष्कळदा विसरला जातो. कार्यशाळा घेत, वाया जाणारी हालचाल शोधत, यंत्रांची मांडणी बदलत. बाहेरून पाहिले तर जिशुकेनचीच बहीण. फरक शेवटी येई: कार्यशाळेत जी बचत दिसे, ती भावातून ताबडतोब वजा करून मागितली जाई. अशा पाहुण्याला पुरवठादार कोणता कोपरा दाखवील? जो आधीच झाडून ठेवला आहे तो. वर मी ज्या संकेताकडे लक्ष ठेवायला सांगितले, तो हाच. खडू तोच, वर्तुळ तेच. वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जातो यावर सारे ठरले.

कंपनीचा खर्च झपाट्याने उतरला आणि लोपेझची वाहवा झाली. मार्च १९९३ मध्ये तो थेट प्रतिस्पर्धी फोक्सवॅगनकडे गेला. गोपनीय कागदपत्रे सोबत नेल्याचा आरोप झाला, खटले चालले आणि जानेवारी १९९७ मध्ये फोक्सवॅगनने १० कोटी डॉलर देऊन, शिवाय जनरल मोटर्सकडून १ अब्ज डॉलरचे भाग घेण्याचे मान्य करून वाद मिटवला. जनरल मोटर्स आणि तिचे पुरवठादार यांच्यातला अविश्वास मात्र तडजोडीने मिटण्यासारखा नव्हता.

तो समझोता झाल्यावर महिनाही उलटला नव्हता आणि जपानमध्ये १९३९च्या नियमाची सर्वांत मोठी परीक्षा आली.

१ फेब्रुवारी १९९७, शनिवार, पहाटेची वेळ. आयची प्रांतातील कारिया येथे आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकमधला एक झडप-भाग बनत असे. मागच्या चाकांवरचा ब्रेकचा दाब आटोक्यात ठेवून गाडी घसरू न देणे हे त्याचे काम. मुठीत मावेल एवढी वस्तू, पण टोयोटाच्या गाड्यांसाठी लागणाऱ्या या झडपांपैकी ९९ टक्के एकट्या आयसिनकडून येत, दिवसाला सुमारे ३२,५०० नग. दोन पुरवठादार ठेवण्याचा दंडक इथे स्वस्त भाव आणि उत्तम दर्जा यांच्यापुढे गळून पडला होता. आणि साठा? पद्धतीच्या शिस्तीप्रमाणे अगदी थोडा. काही दिवसांतच टोयोटाचे देशातले जवळजवळ सगळे जोडणीचे पट्टे थांबले.

आयसिनने आपले आराखडे खुले केले. टोयोटाने आणि इतर पुरवठादारांनी माणसे पाठवली. हाती असलेली यंत्रे या कामासाठी बनलेली नव्हती, खास हत्यारे जळून गेली होती. ज्याच्याकडे जे यंत्र होते, त्यावर जुगाड करून झडपा कातण्याचे प्रयत्न सुरू झाले. भाव काय, पैसे कोण देणार, जबाबदारी कोणाची, यांपैकी काहीही ठरलेले नव्हते. करारावर सह्या होण्याची वाट कोणी पाहिली नाही. तोशिहिरो निशिगुची आणि अलेक्झांडर बोदे या अभ्यासकांनी या प्रसंगाचा बारकाईने मागोवा घेतला आहे: प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हातभार लावणाऱ्या कंपन्या २०० हून अधिक होत्या. त्यांत शिवणयंत्रांसाठी ओळखली जाणारी ब्रदर कंपनीही होती. पहिल्या पर्यायी झडपा आगीनंतर तीन-चार दिवसांत हाती आल्या आणि साधारण आठवड्याभरात कारखाने पूर्ववत होऊ लागले.

हे केवळ ‘जपानी संस्कृती’मुळे घडले, असे म्हणणे मला आळशीपणाचे वाटते. जिशुकेनमध्ये दोन दशके ही माणसे एकमेकांच्या यंत्रशाळांत वावरली होती. कोणाकडे कोणते यंत्र आहे, तिथला कोणता फोरमन कोणत्या कामात तरबेज आहे, हे त्यांना ठाऊक होते. फोन कोणाला करायचा हे माहीत असणे, ही त्या पहाटे सर्वांत मोलाची गोष्ट होती. शिवाय मदत केलेल्याचा हिशेब पुढे होईल, हा अनुभवही होता. तो खरा ठरला. आयसिनने खर्च भरून दिला. टोयोटाने आपल्या पहिल्या थराच्या पुरवठादारांना जानेवारी ते मार्च या तिमाहीतील त्यांच्या विक्रीच्या १ टक्क्याएवढी रक्कम दिली, एकूण सुमारे १५ अब्ज येन. कोणत्याही करारात तिची तरतूद नव्हती.

त्याच वर्षी टोयोटाने भारतात नव्याने पाऊल टाकले, तेही किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्करांच्या भागीदारीत. दोन्ही घराण्यांची आधीची ओळख कापड-यंत्रांच्या व्यवसायातली होती, म्हणजे पुन्हा मागाचाच धागा. कर्नाटकात बिडदीला कारखाना उभा राहिला आणि टोयोटाच्या गटातील काही पुरवठादारही त्याच परिसरात आले. ती गोष्ट स्वतंत्र थ्रेडची आहे.

यानंतर टोयोटाने सौद्याची दुसरी बाजू अधिक ताणली. २००० साली प्रमुख भागांचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी करण्याची मोहीम निघाली. २०१०च्या सुरुवातीला वेगवर्धक पेडलच्या दोषावरून अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तेव्हा कीइचिरो यांचे नातू आकियो तोयोदा यांनी अमेरिकन काँग्रेससमोर कबूल केले की कंपनीची वाढ गरजेपेक्षा वेगाने झाली, माणसे घडवण्याचा वेग मागे पडला. १ मार्च २०२२ रोजी कोजिमा या एका पुरवठादाराच्या संगणक-यंत्रणेवरील हल्ल्यामुळे टोयोटाचे जपानमधील १४ कारखाने एक दिवस बंद राहिले.

आणि १९५६चा कायदा? तोही निवृत्त झालेला नव्हता. जुलै २०२४ मध्ये जपानच्या स्पर्धा आयोगाने टोयोटाच्या एका उपकंपनीवर त्याच कायद्याखाली ठपका ठेवला. मोठ्या मागण्या संपल्यावर ज्या साच्यांची सहसा गरज उरत नाही, असे साचे तिने आपल्या लहान पुरवठादारांच्या गोदामांत ठेवून घेतले होते. जागेचे भाडे दिले नव्हते.